निदान कोणी केले?

मंगळवार, ८ जून २०१०. सकाळचे अकरा. प्राथमिक आरोग्य केंद्र, औषध भांडाराशेजारची खोली.

हजर: जिल्ह्याहून आलेले चौकशी अधिकारी. वैद्यकीय अधिकारी डॉ. निकम. औषधांचा साठा सांभाळणारे फार्मासिस्ट गावंड. आमच्या गावची आशा कार्यकर्ती सुगंधा, तीही दाराबाहेर स्टुलावर. आणि मी, उपकेंद्राची नर्स.

गैरहजर: सोमी. जिच्यावरून चौकशी होती ती. तिला बोलवावं असं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

ही यादी माझ्या वहीतून उतरवली आहे. मला लिहून ठेवायची सवय आहे. फ्रीजवर यादी, पर्समध्ये यादी, आणि कुठली यादी कुठे आहे याची एक यादी, असं आमचे हे पाहुण्यांना सांगतात. सांगू देत. त्यांचा चष्मा शेवटी मीच शोधून देते. पण या एका चौकशीचं मात्र सगळं लिहून ठेवूनही मला तिचा अर्थ लागलेला नाही. कोण बरोबर होतं, मी नेमकं काय चुकले आणि काय चुकले नाही, हे नऊ वर्षांनीही मला एका वाक्यात सांगता येत नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा असं सांगितल्यावर हीच आधी आठवली, यात काही आश्चर्य नाही.

आधी काम समजावून सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते नीट माहीत नाही.

पनवेलहून आपट्याकडे जाताना पाताळगंगेच्या बाजूला जी गावं आहेत, त्यातल्या एका गावात माझं उपकेंद्र होतं. गावाचं नाव लिहीत नाही. दोन खोल्या, एक खाट, एक टेबल, लसींचा थंड डबा आणि मी. हाताखाली पाच गावं आणि कातकऱ्यांच्या तीन वाड्या. डॉक्टर असत ते मुख्य केंद्रात, अकरा किलोमीटरवर. ते आमच्याकडे दर मंगळवारी येत. बाकीचे सहा दिवस लोक आजारी पडायचे थांबत नसत.

या सहा दिवसांत मी काय करायचं हे ठरलेलं होतं. गरोदर बायका तपासायच्या, लसी द्यायच्या, लोहाच्या गोळ्या, जुलाबावर साखरमिठाची पाकिटं, तापावर तापाची गोळी. काय करायचं नाही हेही ठरलेलं होतं. आजाराचं नाव घ्यायचं नाही आणि त्याचं औषध ठरवायचं नाही. म्हणजे, "ताप एकशे दोन आहे" असं मी म्हणू शकते. "टायफॉइड वाटतोय" असं म्हणू शकत नाही. रक्तदाब मोजून आकडा लिहायचा. तो आकडा म्हणजे आजार आहे की नाही, हे डॉक्टर ठरवणार. थोडक्यात, आकडा माझा आणि नाव डॉक्टरांचं. नवीन मुलींना मी हे असंच शिकवत आले. त्या हसायच्या, पण लक्षात ठेवायच्या.

म्हणून दिवसातून वीस वेळा माझ्या तोंडी एकच वाक्य असे, "डॉक्टर सांगतील." वाडीतल्या मुली खेळात नर्स व्हायच्या तेव्हा काडी काखेत लावून, तोंड वाकडं करून हेच म्हणायच्या. मी एकदा ऐकलं. हुबेहूब माझा आवाज होता.

त्याच गावात एक गृहस्थ होते. पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात पुड्या बांधायचे. त्यांनी घराच्या पडवीत एक बाक टाकला होता आणि सलाइनची बाटली टांगायला छताला हूक लावला होता. ते आजारांची नावं घेत, अगदी सढळ हातानं. नसांत वारा, रक्तात पाणी, मेंदूला थंडी. त्यांना कोणी कागद विचारला नाही. माझ्याकडे साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम, परिषदेची नोंदणी आणि सतरा वर्षांची नोकरी होती, आणि मी म्हणायची, डॉक्टर सांगतील. लोक कोणाकडे जात असतील ते सांगायला नको.

खलीलचाचा मात्र माझ्याकडेच येत. पंधरा वर्षं कुवेतला काढून परतलेले, गावात किराणा दुकान. एका सकाळी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले आणि टेबलावर उलटा केला. तिकडच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची सात पाकिटं निघाली. यातली बीपीची कुठली ते सांगा म्हणाले. रक्तदाब मोजला, बराच चढलेला होता. मी पाकिटांवरची नावं वाचून दाखवली.

"नाव मला पण वाचता येतं, सिस्टर," चाचा म्हणाले. "ती गोळी काय करते ते बोला."

"ते डॉक्टर सांगतील. मंगळवारी."

"गोळी मंगळवारपर्यंत थांबेल. मी थांबेन का नाय, ते अल्लाला ठाऊक."

त्या दिवशी गुरुवार होता. मी सातपैकी एक पाकीट बोटभर त्यांच्याकडे सरकवलं. बोलले काहीच नाही. चाचांनी ते खिशात घातलं, बाकीची सहा डब्यात भरली आणि सलाम करून गेले. मी काय केलं ते? निदान केलं, औषध दिलं, की नुसतं टेबल आवरलं? त्या दिवशीच्या वहीत फक्त रक्तदाबाचा आकडा आहे.

आता कागदांबद्दल. सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे.

मंगळवारी डॉक्टर निकम आले की दीडदोनशे माणसं जमत. निकम सर तरुण होते, तिशीच्या आतले, लातूरकडचे. माणूस सरळ. न कंटाळता, आवाज न चढवता संध्याकाळपर्यंत सगळ्यांना तपासायचे. जाताना चहाचा कप बाजूला ठेवून केसपेपरच्या पंधरावीस कोऱ्या कागदांवर खाली सही करायचे आणि शिक्का मारायचे. हे त्यांनी सुरू केलेलं नव्हतं. त्यांच्या आधीचे डॉक्टर हेच करत, त्यांच्याही आधीचे. मधल्या सहा दिवसांत कोणाला पुढे पाठवायची वेळ आली, तर सिस्टरांनी त्यावर लिहायचं. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता आणि सगळ्या उपकेंद्रांत पाळला जायचा. मी ते कागद कुलपात ठेवत असे आणि कुठला कागद कोणासाठी वापरला, तारीख काय, वेळ काय, हे वहीत टिपत असे. मंगळवारी सरांना दाखवायची. ते म्हणायचे, "सिस्टर, तुमच्यापुढे मी फार गबाळा आहे."

मी सुरुवातीला हे कागद वापरत नव्हते. साध्या कागदावर स्वतःच्या नावानं चिठ्ठी लिहायची: रुग्णाला असं असं होत आहे, कृपया तपासावे. मग रुकैयाचं झालं.

रुकैयाचा नवरा सौदीला होता. घरीच बाळंत झाली आणि नंतर रक्त थांबेना. मी पोचले तेव्हा चादर भिजलेली होती. जे करता येतं ते केलं, माझी चिठ्ठी दिली आणि सासूबरोबर गाडीत घालून पाठवलं. ज्या मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथल्या दारावर चिठ्ठी उलटसुलट झाली, डॉक्टरांची सही कुठे आहे अशी विचारणा झाली, आधी या खिडकीवर जा, मग त्या. रुकैया वाचली. पण गर्भाशय काढावं लागलं. तिचं ते पहिलंच मूल. दोन आठवड्यांनी सासू मला भेटायला आली. भांडायला आली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सिस्टर, तुमी लिहिलेलं त्यांनी वाचलंच नाय."

माझ्या चिठ्ठीमुळे असं झालं असं मी म्हणत नाही. किती वेळ गेला हे मला माहीत नाही, कारण मी तिथे नव्हते. ज्याची वेळ मी लिहून ठेवलेली नाही, त्याबद्दल मी बोलत नाही. पण त्या दिवसानंतर मी सही केलेले कागद वापरायला लागले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. २००९ मध्ये आम्हा काही जणींना बाळंतपणातल्या अडचणींचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं. गरोदरपणात रक्तदाब फार चढला तर बाईला झटके येतात, त्यात आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. त्यावरचं इंजेक्शन कसं द्यायचं ते आमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. पहिला डोस नर्सनं द्यायचा आणि लगेच पुढे पाठवायचं, थांबायचं नाही, असं शिकवणाऱ्या मॅडमनी ठासून सांगितलं. परत आल्यावर गावंडांनी मला त्या इंजेक्शनांचा खोका दिला. खोक्यावर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी डकवली होती: 'वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय उघडू नये.'

मी म्हटलं, गावंड, मॅडम तर म्हणाल्या थांबायचं नाही. गावंड म्हणाले, मॅडमनी तोंडी सांगितलं असेल, मला लेखी दाखवा. गावंड चांगले होते, पण त्यांच्या एका मित्राची पेन्शन एका न सापडणाऱ्या पावतीसाठी अडली होती आणि तेव्हापासून ते कागदाला फार भीत. तर माझ्या कपाटात असा एक खोका होता, जो लगेच उघडायला मला शिकवलं होतं आणि जो उघडायची मला मनाई होती.

सोमी एकोणीस वर्षांची. कातकरी, वाडीवरची. दिवाळीनंतर सगळं कुटुंब नदीजवळच्या वीटभट्टीवर राहायला जायचं, ते पावसाच्या तोंडावर परत. फेब्रुवारीत मी भट्टीवर जाऊन तिला तपासलं, आठवा महिना लागत होता. रक्तदाब एकशे चाळीस-नव्वद. पायावर थोडी सूज. कार्डावर आकडा लिहिला आणि सांगितलं, मंगळवारी उपकेंद्रात ये, डॉक्टर बघतील. तिनं विचारलं, "काय हाय मना?" मी म्हटलं, डॉक्टर सांगतील. मंगळवारी ती आली नाही. भट्टीवर खाडा केला तर त्या दिवसाच्या विटा कोण थापणार? त्या मंगळवारी निकम सरही नव्हते म्हणा, बहिणीच्या लग्नासाठी आठ दिवसांच्या रजेवर लातूरला गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांकडे तीन केंद्रं होती आणि त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी बुधवार. आता वहीतलं पान समोर घेऊनच लिहिते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी भट्टीचा टेम्पो दारात आला. पुढे सुगंधा, मागे विटांच्या चुऱ्यात गोणपाटावर सोमी, तिचं डोकं मांडीवर घेऊन सासू बुधीबाय. सुगंधा उडी मारून उतरली. "सिस्टर, डोलं फिरलं तिचं, दात बसलेत. दोनदा झाला." आत घेईपर्यंत तिसरा झटका आला. कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं. झटका ओसरल्यावर रक्तदाब घेतला: एकशे ऐंशी-एकशे वीस. लघवी नळीत तापवून पाहिली, दह्यासारखी फुटली, म्हणजे तिच्यातून प्रथिनं जात होती.

आकडे सगळे माझ्याकडे होते. नाव कोणाकडे होतं?

११.१० डॉ. निकम, फोन लागला नाही. ११.१३ लागला नाही. ११.१७ मुख्य केंद्र, कोणी उचलला नाही. ११.२१ डॉ. निकम, लागला नाही. ११.२६ डॉ. निकम, लागला नाही. मधल्या काळात सुगंधानं रुग्णवाहिकेला फोन केला, ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. वाचणाऱ्याला वाटेल की सोळा मिनिटं ही बाई फोन काय करत बसली. मलाही तेच वाटतं. शिकवलं होतं की थांबायचं नाही. चिठ्ठी म्हणत होती, आदेश. मी दोन्हीकडे अर्धी अर्धी वागले.

११.३० ला मी गावंडांच्या अक्षरावरून कात्री फिरवली. दहा बाटल्या, पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला, खोलवर. इंजेक्शन दाट असतं, हळू द्यावं लागतं. एक थेंबही सांडला नाही. हे मी अभिमानानं लिहिते, बाकीच्या दिवसाबद्दल मला असं काही म्हणता येत नाही.

मग कुलूप उघडून सही केलेला कागद काढला. रुकैया डोळ्यांपुढे होती. कागदावर सगळं लिहिलं: झटके, रक्तदाब, लघवी, दिलेला डोस. 'निदान' असा छापील शब्द होता, त्यापुढे आजाराचं नाव लिहिलं. आणि सवयीनं, वर कोपऱ्यात तारीख आणि वेळ घातली. ११.३०. आमच्या खात्यातली दुसरी कोणतीही सिस्टर असती तर तिनं त्या कागदावर वेळ घातली नसती, तारीखही मोघम ठेवली असती. सही केलेला कागद वापरायची तीच तर रीत होती. मी बावळट, वेळेशिवाय कागद माझ्या हातून सुटत नाही.

टेम्पोतूनच निघालो. सोमीला डाव्या कुशीवर धरून मी गोणपाटावर बसले. बुधीबाय समोर. सावळे-रसायनीच्या बाजूचा रस्ता मागे पडला तेव्हा तिनं विचारलं, "बाय, काय झालाय माझे सुनेला? कोनाची नजर हाय का भूत हाय?"

डॉक्टर सांगतील, हे ओठांवर आलं होतं. पण डॉक्टर लातूरला होते, आणि ती माझ्याकडे बघत होती.

"भूत नाही, नजर नाही," मी म्हटलं. "पोटुशीपणात रक्तदाब चढला की असे झटके येतात. हा आजार आहे. मी त्याची सुई दिलीय. आता पुढचा झटका येऊ नये."

ती म्हणाली, "तुला ठाव हाय ना?"

"हो, मला माहीत आहे."

नोकरीत कोणाला मी असं सांगितल्याचं हे पहिलंच. वहीत याची नोंद आहे: '१२.०५ नातेवाइकांस कल्पना दिली.'

पुढचा झटका आला नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात या वेळी कोणी खिडक्या दाखवल्या नाहीत. सही आणि शिक्का बघताच स्ट्रेचर आलं. तिथल्या वयस्कर डॉक्टर मॅडमनी कागद वाचला, पूर्ण डोस गेला का विचारलं आणि सोमीबरोबर आत गेल्या. संध्याकाळी ऑपरेशन करून मुलगी झाली. दीड किलोची, पण रडली. दोघी अठरा दिवसांनी घरी आल्या.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण त्या मॅडमनी चांगुलपणानं जिल्ह्याला पत्र लिहिलं की, उपकेंद्रासारख्या ठिकाणी डॉ. निकम यांनी वेळेवर अचूक निदान करून पहिला डोस दिला, हे कौतुकास्पद आहे. जिल्ह्यात ठरलं, निकमांना प्रशस्तिपत्र द्यायचं. मसुदा करताना तिथल्या कोणीतरी दक्ष माणसानं रजेची नोंद काढली. बुधवारी साडेअकरा वाजता जो डॉक्टर उपकेंद्रात निदान करत होता, तो लातूरला बहिणीवर अक्षता टाकत होता. आणि वेळ माझ्या सुवाच्य अक्षरात.

अशी ती चौकशी. निंदेच्या अर्जावरून चौकशी झालेली मी खूप पाहिली, स्तुतीच्या पत्रावरून झालेली हीच एक.

अधिकारी शांत स्वभावाचे होते. त्यांच्यापुढच्या कागदावर तीन प्रश्न होते. रुग्णास कोणी तपासले? निदान कोणी केले? इंजेक्शन कोणाच्या आदेशाने दिले?

पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं. दुसऱ्यावर गाडी अडली.

"तपासलंत तुम्ही. मग निदान कोणी केलं?"

"निदान करायचा मला अधिकार नाही, साहेब."

"मग इंजेक्शन कशावरून दिलंत?"

"झटक्यांवरून."

"म्हणजे झटक्यांवरून तुम्हाला कळलं की आजार कुठला आहे."

"कळलं."

"त्यालाच निदान म्हणतात, सिस्टर."

"मग तसं असेल. पण मला त्याचा अधिकार नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मी काही त्यांची थट्टा करत नव्हते. हो म्हटलं तर अधिकाराबाहेर गेले. नाही म्हटलं तर काहीच न कळता एका बाईला दहा बाटल्या टोचल्या.

तेवढ्यात निकम सर बोलले, "सर, मी फोनवर सांगितलं होतं. लक्षणं ऐकून निदान मीच केलं. आदेश माझाच."

मी सरांकडे बघितलं, ते भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होते. वही माझ्या मांडीवर होती. साहेब म्हणाले, "सिस्टर सगळं लिहून ठेवतात असं ऐकलंय. फोनची नोंद असेलच."

मी वही दिली. नाही म्हणता आलं असतं, घरी राहिली म्हणता आलं असतं. हे मला रात्री सुचलं. माझ्याकडून कोणी वही मागितली की मी पान उघडूनच देते, तशी दिली.

साहेबांनी पाच ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग वही मिटली आणि परत केली. "त्या भागात रेंजचा त्रास आहेच," एवढंच म्हणाले. मग त्यांनी आपल्या बॅगेतून एक परिपत्रक काढलं आणि गावंडांना विचारलं, हे तुमच्याकडे आलं होतं का. गावंडांनी तीन फायली चाळल्या. 'इतर पत्रव्यवहार' या फायलीत सापडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, प्रशिक्षित नर्सने अशा वेळी डॉक्टरांची वाट न बघता पहिला डोस द्यावा. आवक शिक्का माझ्या प्रशिक्षणाच्याही आधीचा होता, खाली गावंडांची आद्याक्षरं.

"हे सिस्टरना दिलं नाहीत?"

"प्रत एकच आली होती, साहेब," गावंड म्हणाले.

म्हणजे खोका उघडायचा मला अधिकार होता. आदेशाची गरजच नव्हती. ती सोळा मिनिटं मी उगाच घालवली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी वही उघडून त्या पाच वेळा पुन्हा वाचल्या.

"इंजेक्शनचा प्रश्न मिटला," साहेब म्हणाले. "राहिला कागदाचा. तुम्ही तुमच्या नावानं साधी चिठ्ठी लिहिली असती, तर आज प्रशस्तिपत्र तुम्हाला मिळालं असतं."

मी म्हटलं, "माझ्या नावाची चिठ्ठी दारावर वाचत नाहीत, साहेब." आणि रुकैयाचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "तो विषय या चौकशीत नाही."

अहवालात लिहिलं गेलं: वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दूरध्वनीवरून निदान केले व आदेश दिला, परिचारिकेने तो लिहून घेतला. दोघांना कागद जपून वापरण्याची समज. कोणाची नोकरी गेली नाही, कोणाची वेतनवाढ थांबली नाही. उठताना साहेबांनी माझ्याजवळ येऊन, अगदी भावासारखं, हळूच सांगितलं, "वहीतली त्या दिवसाची नोंद अहवालाशी जुळवून घ्या. एक फोन लागला असं लिहा. झेरॉक्स आठ दिवसांत पाठवा, म्हणजे फाईल बंद होईल."

व्हरांड्यात निकम सर वाट बघत होते. "सिस्टर, मी तुम्हाला वाचवायला तसं बोललो."

"माहीत आहे, सर."

"मग ते पाच फोन लिहिलेत कशाला?"

"केले म्हणून."

ते हसले, पण नेहमीसारखं नाही. पुढच्या मंगळवारी त्यांनी माझ्याकडचे उरलेले सही केलेले कागद मागून घेतले आणि फाडले. ते बरोबरच केलं. पुढच्या महिन्यात आलेल्या तीन रुग्णांना मी साध्या चिठ्ठीवर पाठवलं. त्यांचं काय झालं ते लिहीत नाही, चांगलं-वाईट दोन्ही झालं. सरांनी वर्षभरात सरकारी नोकरी सोडली. आता त्यांचा रोडपालीला दवाखाना आहे. तिथे नर्सनं काय लिहायचं, काय नाही, याची पाटी भिंतीवर आहे म्हणे.

सोमीला २०१३ मध्ये पुन्हा दिवस गेले. या वेळी मी रक्तदाबाचा आकडा लिहिला आणि मागच्या आजाराचं नावही सांगितलं, पहिल्याच तपासणीत, बुधीबायच्या देखत. सांगायचा अधिकार आहे का हे कोणाला विचारलं नाही. ती सगळ्या मंगळवारी आली. मुलगा झाला, सुखरूप. मोठी मुलगी आता आश्रमशाळेत तिसरीत आहे. सोमी वाटेत भेटली की लेकीला मला नमस्कार करायला सांगते. पोर मान हलवते आणि पळते.

मी आता पर्यवेक्षिका आहे. उपकेंद्रांत नव्या पदाच्या मुली येऊ लागल्या आहेत. नर्सिंगनंतर सहा महिन्यांचा आणखी एक अभ्यासक्रम करून त्या रक्तदाबाच्या गोळ्या देतात, आजाराचं नाव घेतात, संगणकात भरतात. खलीलचाचा असते तर त्यांना सात पाकिटं दाखवायला जागा मिळाली असती. त्या मुली मला विचारतात, मॅडम, हे आपल्याला चालतं का, ते चालतं का? मी म्हणते, परिपत्रक बघा. मग त्या विचारतात, आणि परिपत्रक आलंच नसेल तर?

नवीन वर्षाची डायरी आली की राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवते. यंदाही उतरवली. गॅसच्या शेगडीची दुरुस्ती झाली, तिच्यावर खूण. भावाच्या जमिनीचा उतारा, खूण. डोळ्यांची तपासणी, खूण. चौथ्या ओळीवर २०१० पासून दरवर्षी तेच काम आहे: 'बुधवारची नोंद अहवालाशी जुळवणे, झेरॉक्स पाठवणे.' जिल्ह्याहून कोणी पुन्हा मागितली नाही. ते साहेब निवृत्त झाले असतील. फाईल अजून उघडीच असणार.

वही कपाटात आहे, पान मला पाठ आहे. ११.२६ च्या ओळीतला 'नाही' एवढा एक शब्द खोडायचा आहे. दोनदा पेन घेऊन बसलेही. मुदत आठ दिवसांची होती.